स्वल्पविराम

गुरुवारी भाव उतरतो,
निम्मं गाव उपासात असतं म्हणून.
गणेश पेठेत तुळजाबाई परदेशी
बर्फातून ओंजळ काढते, काट्यावर टाकते,
वर दोन जास्त.
"एकटीला पुरे."
विचारत नाही, सांगते.
या शहरात समुद्र म्हणजे थर्माकोलचं खोकं,
पहाटे ट्रकमधून उतरलेलं,
एका कोपऱ्यातून ठिबकणारं.

कोळंबी प्रुफांच्या पिशवीत, तीन पिशव्यांच्या आत.
वाटेत नारायण पेठेतलं पोळीभाजी केंद्र,
ज्वारीच्या दोन भाकऱ्या.
सहस्रबुद्धे बाई विचारतात,
"भाजी काय देऊ? दुधी आहे, पडवळ आहे."
"आहे घरी," मी म्हणते.
खोटं नाही.
मराठीत कर्ता गाळता येतो.

डॉक्टर गुर्जरांची चिठ्ठी फ्रिजवर:
तेल एक चमचा. खोबरं बंद.
कोळंबीचं विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला,
म्हणाले, "बेताने."
देवगडची वहिनी फोनवर,
"खोबऱ्याशिवाय सुंगटां? त्यापेक्षा औषद घे गो!"
तरी मसाला तिनेच पाठवलाय
हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत,
झाकणाखाली प्लॅस्टिक, वरून रबर,
चिकटपट्टीवर तिचं अक्षर:
मालवनी मसला, जपुन.
तीन शब्दांत तीन चुका.
एकही दुरुस्त केली नाही,
तीस वर्षं हाच धंदा असून.

पाठीवर सुरीचं टोक,
काळा दोरा एका ओढीत.
मीठ, हळद, अर्धं लिंबू.
लसूण ठेचायचा, वाटायचा नाही.
वाटलेला गप्प बसतो, ठेचलेला बोलतो.
मिरे भरड, धणे भरड, बडीशेप चिमूटभर,
बरणीतला मसाला दीड चमचा, मग अजून अर्धा.
चिठ्ठीत तिखटाबद्दल अवाक्षर नाही.
तिथे मी श्रीमंत आहे.

बिडाचा तवा तापेपर्यंत खिडकी लावून घेते.
मग उघडते.
समोरच्या गॅलरीत कुणीतरी खोकतं.
खोकू दे.

आता घड्याळ नाही, आकार बघायचा.
आधी नुसती रेघ, राखाडी, कुणाचीच नसलेली.
मग टोक वळतं, पाठ लाल होते,
आणि तव्यावर एकेक स्वल्पविराम उमटतो:
थांब, पण संपलेलं नाही.
इथेच गॅस बंद.
मिनिटभर जास्त ठेवलं
की शेपूट मानेला भिडतं, शून्य होतं,
आणि दाताखाली रबर.
हे मला उशिरा कळलं.
कोळंबीबद्दलही.

कोथिंबीर देठांसकट.
चार मिनिटं झाली, फार तर पाच.

टेबलावर ताटाला जागा नाही.
एका वैद्यांचं आहारावरचं पुस्तक, दुसरं वाचन,
पान एकशे सतरा:
तिखट व तामसी पदार्थ सुज्ञाने टाळवेत.
उजवा हात भरलेला, म्हणून डाव्याने,
वाकडातिकडा,
ळ ला काना देते.
टाळावेत.
मताला हात लावत नाही,
त्याचे पैसे मिळत नाहीत.
भाकरीचा तुकडा तव्यावरून फिरवते,
तळाला धरलेली काळपट खरवड
सगळ्यात आधी संपवायची असते.
कान गरम, नाक वाहतंय,
आणि एक थेंब पडतो
बरोबर "सुज्ञाने" वर.

पुसला तर पसरेल.
समासात बाण काढून लिहिते:
तसेच ठेवावे.

उद्या प्रेसमधला दामूअण्णा पान हुंगेल,
चष्म्यावरून माझ्याकडे बघेल,
वार विचारेल.

तवा अजून गरम आहे.
सात उरल्यात.